व्हरमाँटच्या पोरांनी मैदान मारलं

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचं वेड समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची लढत असली की पेठा ओस पडतात, हे बघतच मी वाढलो. पण एका कॉलेजच्या संघासाठी अख्खं राज्य जीव टाकतं, हे मी इथे अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला आल्यावर पाहिलं.

व्हरमाँट हे कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं, जेमतेम साडेसहा लाख वस्तीचं राज्य. मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ इथे नाही. त्यामुळे युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटचा संघ हाच सगळ्यांचा संघ. व्हर्च्यू फील्डवर सामना असला की आजोबा नातवंडांना घेऊन येतात आणि गोलकीपरला नावाने हाका मारतात. आपल्याकडेही आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, पण त्यांचा अंतिम सामना कधी झाला हे त्याच कॉलेजच्या पोरांना ठाऊक नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथला हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. देशभरातले ४८ संघ त्यात उतरतात. विभागीय विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो, उरलेले संघ निवड समिती घेते. पहिल्या १६ संघांना मानांकन असतं आणि त्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. हरला की घरी, दुसरी संधी नाही. संघांमध्ये परदेशी मुलं भरपूर असतात. शिकायचं आणि खेळायचं, दोन्ही एकाच ठिकाणी साधतं म्हणून जर्मनी, हंगेरीहून पोरं इथवर येतात.

२०२४ साली व्हरमाँटला मानांकन नव्हतं. पहिल्या फेरीत आयोना, उपांत्यपूर्व फेरीत पिट्सबर्ग, आणि मग उपांत्य फेरीत डेन्व्हर. तो सामना १-१ वर अडकला आणि व्हरमाँटने पेनल्टीवर जिंकला. दुसऱ्या बाजूने मार्शल विद्यापीठाने अव्वल मानांकित ओहायो स्टेटला घरी पाठवलं होतं.

अंतिम सामना १६ डिसेंबरला, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावी. सोमवारची रात्र, बाहेर कडाक्याची थंडी, आणि आम्ही एका पबमध्ये दाटीवाटीने उभे. मार्शलने ६७ व्या मिनिटाला गोल केला. पब एकदम गप्प झाला. शेजारच्या बाई, वय सत्तरीच्या पुढे, हिरव्या टोपीची कड चुरगाळत टीव्हीकडे बघत होत्या. ८१ व्या मिनिटाला मार्सेल पाप या हंगेरियन पोराने बरोबरी साधली आणि त्यांनी माझा दंड असा काही धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

जादा वेळेत, ९५ व्या मिनिटाला, एक लांब चेंडू आला. जर्मनीचा मॅक्सिमिलियन किसेल आणि मार्शलचा बचावपटू एकमेकांना भिडले. चेंडू किसेलकडे राहिला. गोलकीपर पुढे धावला, किसेलने त्याला चकवलं आणि समोर मोकळी जाळी! २-१. त्या धक्क्याबद्दल मार्शलवाले अजून तक्रार करतात. माझ्या मते दोघेही चेंडूसाठीच झटत होते आणि पंचांनी खेळ चालू ठेवला ते योग्यच केलं.

फुटबॉलमधलं हे विद्यापीठाचं पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद. व्हरमाँट म्हणजे स्कीइंग, असंच देश समजत होता. अमेरिका ईस्ट या त्यांच्या छोट्या विभागातल्या कुठल्याच संघाने पुरुष फुटबॉलमध्ये हा मान आधी मिळवला नव्हता. प्रशिक्षक रॉब डाऊ यांनी हा संघ वर्षानुवर्षं घडवला, २०२२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेला, आणि मग हा दिवस दाखवला.

विजयानंतर लगेचच डाऊ पेन स्टेट विद्यापीठात गेले. वाईट वाटलं, पण राग कुणालाच आला नाही. त्यांच्या जागी एड्रियन डुबोआ आले. आपली कुणी मुलं इकडे शिकायला येणार असतील तर त्यांना आवर्जून सांगा: पहिल्याच ऑगस्टमध्ये कॉलेजच्या सॉकर मैदानावर जा, आणि शक्यतो गोलपोस्टच्या मागे उभे राहा. मी तिथेच असतो.