बाहुल्यांचा नवा गठ्ठा: कपडे आवरले, सुटे भाग निघताहेत

जुन्या बाहुल्यांचे गठ्ठे स्वस्तात घ्यायचे आणि त्यांचे कपडे, सुटे भाग दुसऱ्या बाहुल्यांसाठी काढून ठेवायचे, हा माझा उद्योग. या गठ्ठ्यातले कपडे सगळे उतरवून, धुऊन, वाळवून झाले. सुट्या भागांचं काम निम्म्यावर आलंय. या खेपेला एक गोष्ट मनात पक्की झाली: स्वस्तातली जुनी बाहुली घेताना चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. केस कातरलेले, गालावर पेनाच्या रेघोट्या, अशा बाहुलीकडे सहसा कोणी वळून बघत नाही. आणि नेमका तिच्याच अंगावर भलत्याच बाहुलीचा सुंदर झगा असतो. मुलं खेळताना कपड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे बाहुली आणि तिचा मूळ पोशाख ही जोडी फार काळ टिकत नाही. आपल्या पथ्यावर पडतं ते हेच.

या गठ्ठ्यातला सगळ्यात चांगला कपडा निघाला तो बार्बीची नक्कल असलेल्या एका पोकळ, हलक्या बाहुलीच्या अंगावरून. बारीक फुलांचा बिनबाह्यांचा सुती झगा. आत कमरेपर्यंत अस्तर, चुण्या एकसारख्या, मागे वेल्क्रोऐवजी दोन इवली टिचबटणं. उलटा करून पाहिला तर शिवणीच्या कडाही नीट दुमडून घेतलेल्या. छापावरूनही पारख होते. बार्बीसारखी साडेअकरा इंची बाहुली साधारण 1:6 प्रमाणातली, म्हणजे तिच्या झग्यावरचं एक सेंटिमीटरचं फूल माणसाच्या कपड्यावर सहा सेंटिमीटरचं होईल. या झग्यावरची फुलं मोहरीएवढी आहेत. ज्याने कापड निवडलं त्याला प्रमाणाची जाण होती. एका टिचबटणाला गंज चढला होता. ते उसवून काढलं, कारण गंजाचा तपकिरी डाग आधी कापडात उतरतो आणि मग बाहुलीच्या पाठीवर.

धुण्याआधी ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा शिवणीच्या आतल्या बाजूला दाबून ठेवते. लाल, काळ्या आणि गडद निळ्या कपड्यांना तर हे हवंच. बोळ्याला रंग लागला तर तो कपडा एकटा, थंड पाण्यात. बाकीचे सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात, मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, पिळायचे नाहीत, आणि सावलीत आडवे वाळवायचे. वेल्क्रो आधी बंद करायचा, नाहीतर त्याचे आकडे नेटमध्ये आणि लेसमध्ये अडकून धागे ओढतात. नेटच्या झग्यांवरचा वेल्क्रो मी सरळ उसवते आणि टिचबटण लावते. बाहुलीच्या केसांनाही त्यानेच आराम पडतो.

गडद कपडा वर्षानुवर्षं अंगावर राहिला की रंग व्हिनाइलमध्ये, म्हणजे बाहुलीच्या अंगाच्या प्लॅस्टिकमध्ये मुरतो. तो साबणाने घासून जात नाही, कारण डाग वर नसतो, आत गेलेला असतो. 10 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं (मुरुमांवर लावतात ते) मलम डागावरच लावायचं, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. लागेल तसं पुन्हा करायचं, पण अधूनमधून पुसून बघायचं, कारण जास्त झालं तर तेवढी जागा फिकी पडते. रंगवलेले डोळे, ओठ आणि कपडे यांच्या जवळपासही हे मलम नको. एका बाहुलीच्या मांडीवरचा जांभळा डाग असाच उतरत आलाय.

सुट्या भागांत या वेळचं खरं घबाड म्हणजे बार्बीचं मेड टू मूव्ह शरीर, 22 सांध्यांचं. केस मुळापासून कापलेले आणि चेहरा शाईने माखलेला, म्हणूनच ते स्वस्तात पदरात पडलं. मनगटं, कोपरं, गुडघे सगळे घट्ट. डोकं काढताना ओढाओढ केली की मानेचा खुंट तुटतो. हेअर ड्रायरने मानेभोवतीचं व्हिनाइल आधी मऊ होऊ द्यायचं, मग डोकं दोन्ही बाजूंनी दाबून, किंचित तिरकं करून एकेक बाजू सोडवायची. नवं डोकं बसवतानाही तसंच गरम करायचं. त्वचेचा रंग मात्र दिवसाउजेडी जुळवा, दिव्याखाली जुळलेली जोडी खिडकीशी नेली की वेगळी दिसते.

शरीरावर उमटवलेल्या वर्षाबद्दल नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं. बार्बीच्या अंगावर 1966 दिसलं म्हणून ती त्या वर्षातली ठरत नाही. ते साच्याच्या हक्काचं (कॉपीराइटचं) वर्ष आहे, आणि तोच शिक्का पुढे कित्येक दशकांच्या बाहुल्यांवर आहे. डोक्याच्या मागे किंवा मानेच्या कडेला आत असलेलं वर्षही साच्याचंच. दोन्हींतलं जे नंतरचं, त्याच्या आधीची ती बाहुली असू शकत नाही, एवढंच त्यातून कळतं. अर्थात डोकं आणि शरीर मूळचं एकत्र असेल तर.

कपड्यांची वाटणी मापाने करते. 2016 मध्ये बार्बीची उंच, ठेंगणी आणि भरलेल्या बांध्याची अशी तीन नवी शरीरं आली, तेव्हापासून विजारींचा घोळ वाढला. ठेंगणीची विजार नेहमीच्या शरीराला आखूड पडते, आणि भरलेल्या बांध्याची कमरेला ढगळ होते. ब्राट्झ या दुसऱ्या जातीच्या बाहुल्यांचे बूट वेगळ्याच डबीत, कारण त्यांच्यात बूट म्हणजेच पाऊल, ते गेलं की बाहुली घोट्यापासून रिकामी. मॉन्स्टर हाय बाहुल्यांचे हात सुटे होतात आणि म्हणून हरवतात. तुटक्या बाहुलीवरचा एखादा पंजा मिळाला तरी जपून ठेवा.

मऊ व्हिनाइलचे बूट कडक प्लॅस्टिकच्या वस्तूंना टेकवून ठेवू नका. मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू झिरपतं आणि शेजारचं प्लॅस्टिक विरघळवतं. बूट वेगळ्या पिशवीत, पर्स आणि कंगवे वेगळ्या.

एक बाहुली मात्र मी सुटी करणार नाही. चेहऱ्याचा रंग शाबूत, केस मुळात घट्ट, फक्त गुंता झालेला. जी धुऊन-विंचरून पुन्हा उभी राहू शकते तिचे भाग काढायला माझा हात धजत नाही. तो फुलांचा झगा तिलाच बसला, खांद्यावर जरासुद्धा ओढ न पडता.

आता उरलीय ती बोलणारी बाळबाहुली. बॅटरीच्या खणात गळती होऊन पांढरी पूड जमलीय. अल्कलाइन बॅटरीची गळती असल्याने व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काडीने पुसणार, मग कोरडं करणार, आणि बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या चकाकल्या तरच आवाजाची डबी ठेवणार. नाहीतर तिचे उघडझाप करणारे डोळे काढून घ्यायचे, पापण्यांचा एकही केस गळलेला नाही.