दगडांवरचे आकडे

स्पेनमधली पायी यात्रेची वाट, सार्रिया ते सान्तियागो साधारण ११५ किलोमीटर. पायी जाणाऱ्यांना यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० चालावेच लागतात, म्हणून इथून गर्दी वाढते. वाटेत शिक्के घ्यायचं पुस्तक जपायचं, रस्ता दाखवणाऱ्या पिवळ्या बाणांवर नजर ठेवायची आणि टाचेचा फोड सांभाळायचा. प्रेषित याकोबाच्या वाटेवर पहिल्या दिवशी एवढंच भान असतं. भक्तीबिक्ती नंतर, असं आपलं माझं मत.

नवरा गेल्यावर मी ही वाट धरली होती. फादरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, ‘तो प्रभूकडे गेला, आता तू नव्यानं सुरुवात कर.’ पहिलं मला पटत होतं. दुसरं ऐकलं की डोकं फिरायचं. नव्यानं म्हणजे काय, पाटी पुसून टाकायची?

दुपारी मिन्यो नदीवरचा लांब पूल ओलांडला. पाणी ओसरलं होतं, काठाच्या चिखलातून जुन्या घरांच्या भिंती वर आल्या होत्या. १९६० च्या दशकात बेलेसार धरण झालं आणि जुनं पोर्तोमारीन पाण्यात गेलं. नवं गाव टेकडीवर वसवलं. तिथल्या उभ्या पायऱ्यांनी गुडघ्यांची पार वाट लावली.

वर चौकात संत निकोलसचं चर्च, एखाद्या गढीसारखं चौकोनी. ते खालून एकेक दगड सुटा करून वर आणलं आणि पुन्हा बांधलं. कुठला दगड कुठे लावायचा हे चुकू नये म्हणून आकडे घातले होते. काही दगडांवर ते अजून दिसतात. मी भिंतीला नाक लावून शोधत राहिले. एवढं नेटकं बांधकाम, आणि हे पुसायचं कुणालाच सुचलं नाही?

मग थोमा आठवला, खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा येशूचा शिष्य. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांना हात आणि कूस दाखवतो. मरणाला हरवलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच! आजवर मी ही गोष्ट थोमाच्या संशयाची म्हणूनच ऐकली होती. त्या खुणा राहिल्याच का, हे कधी मनात आलं नव्हतं. देवाला त्या बुजवणं काय जड होतं?

संध्याकाळी चर्चमधल्या उपासनेला, मिस्साला बसले. स्पॅनिशचा गंध नाही, पण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते आपोआप कळत होतं. नवऱ्यासाठी प्रार्थना रोजच करायचे. त्या दिवशी त्याच्याबद्दल आभार मानले.

सकाळी पालास दे रेईच्या वाटेवर एक बाई सोबतीला लागली. तिला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याच्या घोरण्याचे किस्से सांगितले. ती खो खो हसली, मग तिनं तिच्या नवऱ्याचे काढले.