निर्लेखन झाले, निधीचे काय?

आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक आज झाली आणि पहिला विषय गेल्या वर्षीचाच होता : नवीन वर्गखोल्या. जुन्या कौलारू इमारतीतील दोन खोल्या धोकादायक ठरल्या, त्यांचे रीतसर निर्लेखनही झाले. परंतु निर्लेखन म्हणजे केवळ पाडण्याची परवानगी, बांधण्याची नव्हे, हे अनेक पालकांना आजच उमगले. बांधकामासाठी समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून किंवा जिल्हा नियोजन समितीकडून स्वतंत्र मंजुरी लागते आणि ती येईपर्यंत दरसूची, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांची यादी, बदलली, तर अंदाजपत्रक सुधारून पुन्हा त्याच टेबलांवरून फिरवावे लागते.

दरम्यान तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ आहे, डावीकडे तिसरीची वजाबाकी, उजवीकडे चौथीचा भागाकार. मागच्या भिंतीवरील तड्याच्या टोकाशी गुरुजींनी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे. तडा आता त्या खुणेच्या वीतभर खाली उतरला आहे. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेचे छत कोसळून ७ मुले दगावली, तेव्हा सर्वत्र इमारतींच्या तपासणीची चर्चा झाली. तपासणीला पैसा कमी लागतो, म्हणून ती लवकर होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बैठकीत निधीच्या मागणीचा ठराव पुन्हा एकमताने संमत झाला. प्रस्ताव नेमका कोठे अडला आहे, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी उद्या देणार आहे. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.