राष्ट्रीयत्वाचा रकाना

दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत मी व्हिसाचं काम बघतो. त्या मंगळवारी टेबलावर दोन इंजिनीअरांचे कागद आले. आडनाव एकच. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ, मूळ घर पॅलेस्टाइनमधल्या, आता इस्रायलमध्ये असलेल्या हैफा शहरातलं. दोघांना प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस युरोपात जायचं होतं.

एकाचा जॉर्डनचा पासपोर्ट. दुसऱ्याकडे लेबनन पॅलेस्टिनी निर्वासितांना देतं ते प्रवासाचं पुस्तक, ‘वसीका’. अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना आला. पहिल्याचा झटक्यात भरला. दुसऱ्याच्या वेळी माझा हात अडला. त्याने काही न बोलता माउस घेतला, यादीत खाली खाली गेला आणि ‘राष्ट्रीयत्व नाही’वर क्लिक केलं. शोधावं लागलं नाही त्याला.

एप्रिल 1948 मध्ये हैफा ज्यू सैन्याच्या हाती पडलं तेव्हा त्याचे आजोबा होडीतून लेबननच्या राजधानीत, बैरुतला गेले, त्यांचे धाकटे भाऊ वेस्ट बँकमधल्या जेनिनकडे. जेनिन पुढे जॉर्डनच्या ताब्यात आलं आणि 1954 च्या कायद्याने धाकटी पाती नागरिक झाली. थोरली पाती आज तिसऱ्या पिढीतही निर्वासितच. हा शिकला बैरुतमध्ये, पण पॅलेस्टिनी माणसाला तिथे इंजिनीअर म्हणून काम करता येत नाही. डॉक्टरकी, वकिलीचीही तीच गत.

मी खेडचा. जेवताना सहज सांगून बसलो, गावी घर बांधतोय, स्लॅब पडला. तो म्हणाला, मीपण फ्लॅट घेतलाय, पण लेबनीज मित्राच्या नावावर. 2001 च्या कायद्याने पॅलेस्टिनींना तिथे घर विकत घेता येत नाही. मित्र उद्या फिरला तर? सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी भावाभावांत वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालतात अशा गावचा मी. घास घशाखाली उतरेना. त्याची आई अजून बुर्ज अल-बराजनेच्या छावणीत राहते. गल्लीत पाण्याचे पाइप आणि विजेच्या तारा एकमेकांत गुंतून डोक्यावर लोंबतात, पावसात शॉक लागून माणसं जातात.

लेबननची भीती मला कळते. देश चिमुकला, सत्तेची वाटणी ख्रिश्चन, सुन्नी, शिया अशी मोजूनमापून केलेली. बहुतेक सुन्नी असलेले हे लाखो लोक नागरिक झाले तर तो तोल जाईल. शिवाय इथेच रुजले तर आपल्या मूळ घरी परतण्याचा त्यांचा हक्क बुडेल, असंही तिथे म्हणतात. पण जॉर्डनवाला भाऊ समोरच बसला होता! पासपोर्ट असून ‘उनर्वा’कडे, म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे, त्याच्या घरच्यांची नोंद अजून आहे. हैफावरचा हक्क त्याने तसूभरही सोडलेला नाही. मग काम करू दिल्याने, घर घेऊ दिल्याने कोणता हक्क बुडतो? अर्थात जॉर्डननेही सगळ्यांना पोटाशी धरलं असं नाही. 1967 मध्ये गाझाहून आलेल्यांना नागरिकत्व मिळालं नाहीच.

नऊ दिवसांनी पासपोर्ट व्हिसा लागून आला. वसीका आणखी कागद मागून परत आला. त्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, रबर लावला.

“पुढची बॅच कधी आहे?”

मी तारीख सांगितली. त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतली.