वुस्टर कॅथेड्रल: प्रिन्स आर्थरची चँट्री आणि सासूबाईंचं डाळिंब

सासूबाई सोलापूरहून बर्मिंगहॅमला आल्यात, त्यांना जुनं काहीतरी बघायचं होतं म्हणून शनिवारी वुस्टर गाठलं. ट्रेनने तासभर लागतो, फोरगेट स्ट्रीटला उतरा, श्रब हिल स्टेशन लांब पडतं. तिथून सरळ हाय स्ट्रीटने दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की संगीतकार एल्गारचा पुतळा आणि समोर कॅथेड्रल. तिकीट नाही, दारात डोनेशनची पेटी आहे, टाका काहीतरी.

बहुतेक लोक किंग जॉनचं थडगं बघतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही तिथे उजवीकडे वळा. मुख्य वेदीच्या बाजूला दगडाच्या जाळीची एक छोटी खोली आहे, ती प्रिन्स आर्थरची चँट्री, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणत राहायची खास जागा. हा इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा थोरला भाऊ. नोव्हेंबर १५०१ ला स्पेनची राजकन्या कॅथरीनशी लग्न, आणि २ एप्रिल १५०२ ला लडलोच्या किल्ल्यात वारलासुद्धा, वय फक्त १५. अंत्ययात्रेत पाऊस आणि चिखल इतका की गाडीला बैल जुंपावे लागले. आणि पुरताना त्याच्या हेरल्डने, म्हणजे दरबारात राजचिन्हांचं काम बघणाऱ्या माणसाने, अंगातला चिन्हांचा कोट काढून रडत रडत पेटीवर टाकला. हे आधी वाचून गेले होते म्हणून आत जरा वेगळंच वाटलं.

थडग्यावर झोपलेला पुतळा वगैरे काही नाही, साधी दगडी पेटी, बाजूंवर राजघराण्याची ढाल. पोरगा कोण होता हे सांगायचं काम सगळं बाहेरच्या जाळीवरच्या चिन्हांवर सोडलंय. बाप, सातवा हेन्री, १४८५ ला लढाई जिंकून गादीवर आलेला, घराणं नवीन, त्यामुळे आमचं कोणाकोणाशी नातं आहे हे दगडात ठासून सांगितलंय. गुलाब म्हणजे ट्यूडर. किल्ल्याच्या दरवाजात वरून खाली सोडायची जाळी, म्हणजे आजीकडचं बोफर्ट घराणं. घोड्याच्या पायबेडीत बसलेला ससाणा, हे आईकडून आलेलं यॉर्क घराणं. शहामृगाची पिसं म्हणजे युवराज.

एका चिन्हाशी मी अडकले. मला ते कांदा नाहीतर आर्टिचोक वाटत होतं, सासूबाई पुढे झाल्या, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "अगं, फुटलेलं डाळिंब आहे की हे, दाणे दिसतायत बघ." खरंच, साल मधोमध उकललेली आणि आत दाणे कोरलेले. १४९२ ला कॅथरीनच्या आईबापांनी ग्रानाडा जिंकलं, आणि स्पॅनिशमध्ये ग्रानाडा म्हणजे डाळिंब, म्हणून ते सुनेचं चिन्ह. शेजारी बाणांची जुडी आहे ती तिच्या आईबापांची. पुढे तिचं लग्न धाकट्या दिराशी झालं आणि १५३३ ला त्यानेच ते मोडलं, पण इथलं डाळिंब तसंच राहिलं. आतल्या वेदीमागच्या संतांचे चेहरे मात्र फोडलेत, चँट्र्या १५४७ ला कायद्याने बंदच झाल्या. चेहरे गेले आणि चिन्हं राहिली, हे बघून मला थोडं विचित्रच वाटलं.

जाणाऱ्यांसाठी: फक्त वेदीकडूनच बघून परत येऊ नका, ही माझी पहिली चूक, कॅथेड्रलच्या आतच दक्षिण बाजूला लांबट मार्गिका आहे, तिच्यात उतरा, तिथली जमीन खाली आहे त्यामुळे चँट्री उंच दिसते आणि ती बाजू वेगळीच वाटते. छोटी दुर्बीण न्या, मोबाईलच्या झूमवर माझे सगळे फोटो हलले. सकाळी जा, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्या भागात हिंडता येत नाही, आणि कार्यक्रम असेल तर दिवसभरही बंद असू शकतं, निघण्याआधी वेबसाईट बघा. मोठ्या माणसांना घेऊन जात असाल तर पायऱ्या लागतात, घाई करू नका.

आणि हो, २००८ च्या आधीचं एक पेनीचं नाणं खिशात ठेवा. त्याच्या मागे तीच किल्ल्याच्या दरवाजाची जाळी आहे, वर मुकुट. लहान मुलांना नाणं हातात देऊन भिंतीवर शोधायला सांगा. आमच्याकडे लहान मुलं नव्हती, सासूबाईंनीच शोधली, आणि मग पेनी परत दिली नाही.