अण्णांच्या चालीने

माघीला सोलापुरातून निघणाऱ्या दिंड्यांना आषाढीसारखी गर्दी नसते. पण ज्याची वारी माघी, त्याची ती माघीच असते. आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, माघी होती, आणि ती नोकरीमुळे ठरली होती. अण्णा रेल्वेत कीमन होते. आषाढी येते तेव्हा लाईनवर पावसाळी गस्त सुरू झालेली असते. भराव खचतो, खडी वाहून जाते. त्या दिवसांत रजा घ्यायची म्हणजे आपल्या वाट्याची रात्र दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, असं त्यांना वाटायचं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला यायची, तेव्हा ड्युटी संपवून ते खोबरेल तेलाची बाटली घेऊन वारकऱ्यांचे पाय चोळायला बसायचे. स्वतः पायी जायचे ते माघात. निवृत्त झाल्यावर आषाढीला जायला अडवणारं कोणी नव्हतं, तरी त्यांनी माघी सोडली नाही.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. वर्षाच्या आत म्हणून दिवाळी झाली नाही, संक्रांतीला तिळगूळ केला नाही. माघ जवळ आला तशी आत्या म्हणाली, "यंदाचं राहू दे, पुढच्या वर्षी बघू." दिंडीच्या महाराजांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, सण राहिले तर राहू द्या. वारी कशाला ठेवायची? तुम्ही या." शाळेत रजा टाकली. अण्णांचे टाळ काढले, त्यांची चादर घेतली, आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली आणि मी निघाले.

कीमनचं काम बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. त्याला ठरावीक लांबीची लाईन दिलेली असते, आणि ती त्यानं रोज चालून बघायची. जाताना एका रुळावर नजर ठेवायची, येताना दुसऱ्या. रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्यांना, पकडून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर हातोड्यानं ठोकायच्या, दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, फिशप्लेटचे, बोल्ट पान्यानं आवळायचे. खांद्यावर पाना-हातोडा, पिशवीत लाल-हिरवा झेंडा आणि फटाके. हे फटाके रुळावर बांधायचे, गाडीचं चाक गेलं की ते वाजतात आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. रूळ तुटलेला दिसला तर आधी गाडीकडे पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन. लहानपणी अण्णांनी हे मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. कशासाठी, कोण जाणे. कदाचित त्यांच्याजवळ मला शिकवण्यासारखं तेवढंच आहे असं त्यांना वाटत असेल.

१८६० साली सोलापूरला रेल्वे आली. तेव्हापासून या लाईनवर कोणी ना कोणी रोज चालत आलंय. गाडी वेळेवर पोचली की आपण ड्रायव्हरचंही नाव विचारत नाही, मग कीमनचं कोण विचारणार? माझ्या मनाला ते लागतं. निवृत्तीच्या दिवशी अण्णांना हार, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घड्याळ त्यांनी इतक्या मानानं लावलं की आजही त्याची जागा कोणी बदलत नाही.

देगाव मागं पडलं आणि तिऱ्ह्याच्या वाटेला लागलो, तेव्हा दिंडीतल्या एका मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अण्णांची लेक ना गं तू? चालतीस तशीच." मी कशी चालते ते मला माहीत नव्हतं. मग लक्ष दिलं. माझी पावलं आखूड पडत होती, एकाच मापाची. रुळावर चालायचं म्हणजे स्लीपरवरून चालायचं. स्लीपर इतके जवळजवळ असतात की मोकळी ढांग टाकता येत नाही आणि खडीत पाय घातला तर घोटा मुरगळतो. सगळा जन्म त्या मापात चालल्यामुळे अण्णा डांबरी रस्त्यावरही तसेच चालायचे. लहानपणी त्यांचं बोट धरून बाजारात जाताना माझी पावलं त्या मापाला बसली असणार. दिंडीत ही चाल फार कामाला येते. जोरात चालणारे दुपारच्या विसाव्यापर्यंत पाय धरून बसतात. टाळाच्या ठेक्यात आखूड पावलं टाकणारा संध्याकाळच्या हरिपाठालाही उभा असतो.

अण्णा दिंडीत सगळ्यात मागं चालायचे हे मला यंदाच कळलं. पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या मागं अण्णा. विणेकरी काकांनी सांगितलं, "आम्ही किती वेळा म्हटलं, टाळ चांगला वाजवता, पुढं या. ऐकलं नाही. मागं कोण राहिलं ते बघायला कोणी पाहिजे म्हणायचे." एका म्हाताऱ्या बाबांची चप्पल तुटली तर अण्णांनी पिशवीतून तार आणि पक्कड काढून तिथंच बांधून दिली होती. पाना-हातोडा सुटला तरी पक्कड सुटली नव्हती.

तिऱ्ह्याला सीना ओलांडली. माघात या भागात ज्वारी उभी असते, कणसं भरलेली, आणि शेताच्या कडेला आगटी पेटवून हुरडा भाजणं चालू असतं. एका शेतकऱ्यानं अख्ख्या दिंडीला हात केला. गरम हुरडा तळहातावर घेऊन मी उभी राहिले आणि मला घर आठवलं. आई विड्या वळायची. सोलापुरात हजारो बायांनी या कामावर घरं चालवली, आमचं त्यातलंच एक. तेंदूची पानं, तंबाखू कारखान्यातून आणायचा, दिवसभर वळायचं, दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा. अण्णा ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन आईसमोर बसायचे आणि विड्यांचे कट्टे बांधायला घ्यायचे. ज्या बोटांनी दिवसभर बोल्ट आवळले, ती बोटं तो बारीक दोरा इतका हळू ओढायची की एक विडी चेपायची नाही. दोघं फार बोलायचे नाहीत. मी शेजारी बसून अभ्यास करायची. चौदा-पंधरा वर्षांची होते तेव्हा मीही विड्या वळायला बसले, तर अण्णांनी माझ्या पुढ्यातलं सूप उचललं आणि म्हणाले, "तुझं काम ते नाही बाळा. पुस्तक काढ." आवाज चढवला नाही, पण मी पुन्हा कधी सुपाला हात लावला नाही. मी शिक्षिका झाले ती त्या संध्याकाळी, असं मी मानते.

कामती झाली, बेगमपूर आलं. पुलावरून भीमा ओलांडली की पलीकडे माचणूर, नदीकाठचं सिद्धेश्वराचं मंदिर. औरंगजेबाची छावणी इथं ब्रह्मपुरीला काही वर्षं पडून होती. दिंडीतली मोठी माणसं ते तरुणांना सांगत होती. अण्णा मात्र या पुलाशी दर वर्षी एकच गोष्ट सांगायचे म्हणे. भीमा पंढरपूरहून इकडं वाहत येते, म्हणजे आपण देवाकडे चाललोय आणि देवाच्या पायांजवळचं पाणी आपल्याला सामोरं आलंय. घाटावर उतरून ते पाय धुवायचे आणि इतरांनाही उतरवायचे. यंदा मावशींनी मला हाताला धरून खाली नेलं. पाणी गार होतं. माझ्या टाचेला फोड आला होता, त्याला ते पाणी लागलं आणि मी रडले, तिथंच, सगळ्यांसमोर. श्रावणापासून मी धड रडले नव्हते, कारण आईपुढं रडायचं नाही असं ठरवलं होतं. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मंगळवेढ्याला बहुतेकांना ओढ असते ती दामाजीपंतांची. दुष्काळात सरकारी कोठारं उपाशी माणसांसाठी उघडणारा माणूस, त्याच्यापुढं कोण झुकणार नाही? पण अण्णांचा पाय अडकायचा चोखोबांपाशी. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी शोधल्या त्या कानाला लावून. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. अण्णांच्या गँगमधले, म्हणजे लाईनवर काम करणाऱ्या टोळीतले, एक काका ऐन उन्हाळ्यात रुळावरच ऊन लागून गेले होते. त्या दिवशी अण्णा घरी आले, जेवले नाहीत, आणि त्यावर कधी बोललेही नाहीत. दर माघीला चोखोबांपुढं ते दोन नारळ फोडायचे, एक घरचा आणि एक त्या काकांच्या नावाचा. हेही मला विणेकरी काकांकडून कळलं. संतांमध्ये राजे-सावकारांचे देव झालेले पुष्कळ आहेत, पण काम करता करता मातीखाली गेलेला संत अण्णांना आपल्या गँगमधला वाटत असणार. मी यंदा तीन नारळ घेतले.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाची रांग फार लांब होती. अण्णा त्या रांगेला कधी लागायचे नाहीत. नामदेव पायरी, तिच्यासमोरची चोखोबांची समाधी, तिथून कळस, आणि जमलं तर मुखदर्शन. मी तेवढंच केलं. माझ्यामागं एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन कळस दाखवत होती, तिला पुढं जागा करून दिली.

द्वादशीला पारणं सोडल्यावर मुक्कामावर दिंडीचा हिशेब झाला. भिशीची, म्हणजे दिंडीतल्या जेवणाच्या वर्गणीची, पावती फाडताना महाराजांनी नाव विचारलं. मी अण्णांचं नाव सांगितलं. ते थांबले आणि म्हणाले, "त्यांच्या पावत्या त्यांनी फाडल्यात सगळ्या. ही तुमची." पावतीवर माझं नाव पडलं.

घरी आल्यावर आईनं आधी माझे पाय बघितले, मग पावती. जन्मभर मांडी घालून विड्या वळून तिचे गुडघे गेलेत. डॉक्टरांना विचारलं, थोडं थोडं चालायला हरकत नाही म्हणाले. पुढच्या माघीला ती मंगळवेढ्यापासून येणार आहे. दमली तर टेम्पोत बसेल. मी महाराजांना आत्ताच सांगून ठेवलंय की आम्ही दोघी मागं चालू.