आज अण्णा मधे आले

आज काउन्सेलिंग सेंटरवर माझ्याकडं एक पोरगं आलं (डिटेल बदलून लिहितेय). सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हापासून बाप बोलतच नाही म्हणे, नुसता बांधावर बसून राहतो, अन् ते सांगायलं तसं मला आमचे अण्णाच दिसायले, त्यांचा तंबाखू मळणारा अंगठा सुद्धा. मग काय, त्याला बोलूच दिलं नाही, सल्ले देत सुटले, ते बिचारं मान हलवतंय.

पेशंटचं ऐकताना थेरपिस्टच्या स्वतःच्याच भावना अशा मधे येतात, याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात, फ्रॉइडनं १९१० लाच सांगितलं, पुढं १९५० मधे मनोविश्लेषक पॉला हायमन म्हणाल्या की थेरपिस्टच्या मनात जे उठतं त्यातून पेशंटचंही कळतं. परीक्षेत लिहून मार्क घेतलेत मी याचे, हसू नका.

संध्याकाळी सुपरव्हिजनसाठी, म्हणजे केसवर सिनियरशी बोलायला, मॅडमला फोन लावला. त्या एवढंच म्हणल्या, "तुझे अण्णा शेवटचं कधी बोलले गं?"

बीडच्या स्टँडवर परभणीची गाडी गेली, मी तिथंच उभी.